यमुनाकाठचे घरभाडे

मुंबईत खिडकीतून समुद्र दिसला की भाडे चढते. मरीन ड्राइव्हला किंवा बँडस्टँडला एकाच मजल्यावरच्या सारख्याच दोन घरांत पाण्याकडे तोंड असलेले घर महाग, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ही सवय घेऊन दिल्लीत घर शोधणारा मराठी माणूस यमुनेपाशी चक्रावतो. वझिराबाद ते ओखला असे सुमारे 22 किलोमीटर ही नदी भर शहरातून वाहते, पण नदी दिसते म्हणून चार पैसे जास्त मागणारा ब्रोकर क्वचितच भेटतो. दिल्लीकर विचारतो ते नदीपासून किती लांब हे नव्हे, तर नदीच्या कोणत्या बाजूला. ‘जमनापार’, म्हणजे नदीच्या पूर्वेला, म्हटले की भाडेही उतरते आणि बोलणाऱ्याचा सूरही.

याचे हातासरशी मिळणारे उत्तर म्हणजे घाण वास. वझिराबाद बंधाऱ्याच्या खाली नजफगढ नाला नदीला मिळतो आणि तिथून पुढे उन्हाळ्यात जे वाहते ते बव्हंशी सांडपाणीच असते. हे खरे आहे, पण पुरेसे नाही. अक्षरधामला लागून असलेले कॉमनवेल्थ गेम्स व्हिलेज पाहा. 2010च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलेल्या या इमारती त्याच नदीच्या काठी आहेत आणि वाराही तोच खातात. तरीही तिथली भाडी पूर्व दिल्लीतल्या चढ्या भाड्यांत मोडतात. ही जागा पूरक्षेत्रात येते की नाही यावर मोठा वाद झाला आणि 2009मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे घर नदीकाठचेच, पण कागद स्वच्छ. भाडे ठरवण्यात वासापेक्षा कागदाचे वजन जास्त आहे, असा माझा दावा आहे.

पूर हे दुसरे संभाव्य कारण. जुन्या लोखंडी पुलावर नदीची पातळी मोजतात आणि तिथे धोक्याची रेषा 205.33 मीटरवर आहे. 13 जुलै 2023 रोजी पाणी 208.66 मीटरवर गेले आणि 1978चा 207.49 मीटरचा विक्रम मोडला. यमुना बाजार, मॉनेस्ट्री मार्केट आणि मजनू का टीला पाण्याखाली गेले. खादरमधले, म्हणजे पात्रालगतच्या सखल जमिनीवरचे लोक मयूर विहारपाशी रस्त्याकडेला तंबूत राहिले. पण पाणी सिव्हिल लाइन्समध्येही शिरले होते, आणि म्हणून ती काही स्वस्त वस्ती झाली नाही. पुराच्या शक्यतेने भाडे उतरते, पण मालकाचा हक्क आधीच लंगडा असेल तिथे जास्त.

आता हा हक्क जरा बारकाईने पाहू. दिल्लीच्या मास्टर प्लॅनमध्ये यमुनेचा पट्टा ‘झोन ओ’ म्हणून वेगळा काढलेला आहे. जैतपूर-ओखल्याकडच्या अनेक अनधिकृत वस्त्या या पट्ट्यात येतात. 2019मध्ये केंद्राने 1731 अनधिकृत वस्त्यांतल्या रहिवाशांना मालकी देण्याची योजना आणली, तीत ‘झोन ओ’ वगळला. या भागातले घर बहुधा मुखत्यारपत्रावर हातोहात विकले जाते, आणि अशा मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2011मध्ये स्पष्ट केले आहे. मग बँक कर्ज देत नाही. मालक साठवलेल्या किंवा उसन्या पैशांतून एकेक मजला चढवतो आणि वरचा पुरा होण्याआधी खालचा भाड्याने देतो.

यातून निघणारी गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. बुलडोझरची भीती घराच्या विक्रीच्या किमतीत पुरेपूर उतरते, कारण विकत घेणाऱ्याचा सगळा पैसा भिंतीत अडकतो. भाडेकरू मात्र सामान टेम्पोत टाकून निघू शकतो, म्हणून त्याला मिळणारी सूट त्या मानाने कमी असते. घराच्या किमतीशी तुलना केली तर मालकाला इथे एखाद्या नियमित कॉलनीपेक्षा चांगला परतावा सुटायला हवा. वस्ती गरीब, पण घरमालकीचा धंदा गरीब नव्हे.

भाडेकरूच्या हाती काय असते? शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का आणि अकरा महिन्यांची मुदत. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या करारालाच नोंदणी सक्तीची, म्हणून हे अकरा. महाराष्ट्रात 1999च्या कायद्याने लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची केली आणि जबाबदारी मालकावर टाकली, त्यामुळे पुण्याहून आलेल्याला हा कागद फारच हलका वाटतो. दिल्लीचा 1958चा भाडेनियंत्रण कायदा अजून लागू आहे, पण 1988च्या दुरुस्तीने महिना 3500 रुपयांवरची भाडी त्यातून बाहेर पडली. आज एवढ्यात धड खोली मिळत नाही. 1995मध्ये संसदेने नवा कायदा मंजूर केला, त्यावर राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो कधी लागूच झाला नाही. त्याला विरोध करणाऱ्या दिल्लीतल्या जुन्या भाडेकरू व्यापाऱ्यांची ताकद जोखायला एवढे पुरे.

राहता राहिला मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882. त्याच्या कलम 108मध्ये पुराचा नावानिशी उल्लेख आहे. पुराने मिळकतीचा महत्त्वाचा भाग पूर्ण नष्ट झाला, किंवा ती ज्या कामासाठी घेतली त्याला बऱ्याच अंशी आणि कायमची निकामी झाली, तर भाडेकरूला करार रद्द समजता येतो. सगळी गोम ‘कायमची’ या शब्दात आहे. यमुनेचे पाणी आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. मागे गुडघाभर चिखल, फुगलेले पलंग आणि जळालेला फ्रिज राहतो, पण भिंती उभ्याच असतात. कराराने वेगळे काही ठरवलेले नसेल तर त्या महिन्याचे भाडेही उभेच राहते, आणि सिक्युरिटीच्या रकमेतून मालक रंगरंगोटीचे पैसे कापायला बसतो. काठावर घर घेणाऱ्याने पूर आला तर भाडे थांबेल, अशी एक ओळ त्या अकरा महिन्यांच्या कागदात घालून घ्यावी. दोन हजारांनी भाडे पाडून घेण्यापेक्षा ती ओळ जास्त मोलाची, आणि मालक तिला किती खळखळ करतो त्यावरून 2023मध्ये पाणी कुठल्या पायरीपर्यंत आले होते याचा अंदाज येतो.