कणेरीचा बेत आणि बलुतं

ह्या वीकेंडला घरच्यांना घेऊन कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावर जायचा बेत आहे. तिथलं सिद्धगिरी संग्रहालय म्हणजे पुतळ्यांचं अख्खं गाव! कुंभार, लोहार, सुतार... बारा बलुतेदार हजर. लेक एकदम खूश. बाबा मात्र म्हणाले, "माझे आजोबा सुगीला खळ्याखळ्यावर हात पसरायचे, ते पण दाखवतात का रे?"

बलुतं म्हणजे वर्षभर राबल्याचा धान्यातला मोबदला. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाबद्दल विधेयक मांडलं. ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली. मध्ये तब्बल तीस वर्षं!

असो. निघायचं पहाटे पाचला. पुतळे लेकीला मी दाखवेन. खळ्याची गोष्ट मात्र बाबांनीच सांगायची.