बदलापूरच्या गॅलरीत हॉप्स

बिअरला कडवटपणा येतो तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांमुळे. या फुलांनी बिअर टिकतेही. म्हणूनच १८व्या शतकाच्या अखेरीस लंडनची बिअर महिनोन्महिने जहाजातून प्रवास करून मुंबई-कलकत्त्याला पोचायची. बिअर आली, वेल मात्र इथे रुजली नाही. ती लावली गेली १९व्या शतकात काश्मीरमध्ये, पुढे हिमाचलच्या लाहौलमध्ये.

कारण घड्याळात आहे. हॉप्सला हिवाळ्यात कडक थंडी आणि उन्हाळ्यात लांब दिवस लागतो. इंग्लंडच्या केंटमध्ये जूनचा दिवस सुमारे साडेसोळा तासांचा असतो. १९ अक्षांशावरच्या बदलापूर-अंबरनाथमध्ये सव्वातेरा, तोही पावसाळी ढगांखाली. दिवस लहान असला की वेल उंच होण्याआधीच फुलू लागते, आणि फुलं मोजकीच येतात.

त्यात पहिलं वर्ष तर केंटमध्येही मुख्यतः मुळं धरण्याचं. तेव्हा उल्हासनगरच्या गॅलरीत कंद लावलात, तर मोठी कुंडी, पाणी न साचणारी माती आणि चढायला दोरी द्या. फुलं आली नाहीत म्हणून वर्षभरात कुंडी रिकामी करू नका. तुमच्या हाताला गुण नाही असं नाही. सूर्यच इथे लवकर मावळतो.