कमावलेलं शरीर, राखलेलं शरीर

मराठीत शरीर कमावतात. पैसा कमवावा, नाव कमवावं, तसं. ‘कमावलेलं शरीर’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो विशीतला तरणाबांड गडी. पण जे कमावलं ते पुढे राखायचं असतं, याबद्दल मात्र आपली भाषा जरा गप्पच आहे. ‘राखलेलं शरीर’ असं कुणाबद्दल बोलताना मी तरी ऐकलेलं नाही.

आमच्या घरी बाबांचा एक फोटो आहे. कॉलेजच्या दिवसांतला. तालमीच्या दारात उभे, अंगात बनियन, दंड फुगवलेले. आज बाबा बावन्न वर्षांचे आहेत. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद असली की ते दुसऱ्या मजल्यावर थांबतात. दम लागलाय हे कळू नये म्हणून खिशातून मोबाइल काढून बघत राहतात. डॉक्टरांनी ‘रोज काहीतरी व्यायाम करा’ सांगितलं, तेव्हा त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: “अरे, आमचं वय होतं तेव्हा केलंय सगळं.”

हे वाक्य फक्त बाबांचं नाही. व्यायामाचं एक वय असतं, ते सरलं की तो विषय संपला, ही समजूत फार जुनी आहे. ती मोडायचा प्रयत्न आपल्याकडे एका माणसानं शंभर वर्षांपूर्वी केला. तो माणूस पैलवान नव्हता. सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा संस्थानाचा राजा होता, आणि त्याची ही गोष्ट सुरू झाली तेव्हा तो चाळिशीला आला होता.

तालीम तरुणांची

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा महाराष्ट्र शरीराच्या बाबतीत निरुत्साही अजिबात नव्हता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला होता; खासबागेचं मैदान १९१२ साली उभं राहिलं. अमरावतीत १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं. गावोगावी तालमी होत्या, तांबडी माती होती, वस्ताद होते.

पण हे सगळं तरुणांसाठी होतं. तालमीत जायचं ते कुस्ती मारायला, बळ दाखवायला. वय वाढलं की पोरगा संसाराला लागायचा, तालीम सुटायची. कुस्ती सुटली तरी खुराक काही सुटायचा नाही, आणि मग त्याच अंगाचा आकार बदलायचा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. चाळिशीतल्या माणसाचं पोट सुटलं तर तो ‘खात्यापित्या घरचा’. पोट म्हणजे बरकतीची खूण. उलट प्रौढ, प्रतिष्ठित गृहस्थ पहाटे उठून उठाबशा काढतोय म्हटलं असतं, तर लोक हसले असते.

सँडोपासून नमस्कारापर्यंत

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, औंधचे बाळासाहेब. जन्म १८६८. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले, चित्रकार, कीर्तनाची आवड असलेले. ऐन तारुण्यात त्यांनाही त्या काळातलं जगभरचं वेड लागलं होतं: सँडो. युजेन सँडो हा भवानरावांपेक्षा एका वर्षानं मोठा. शरीर दाखवून जगभर नाव आणि पैसा कमावणारा आणि व्यायामाची साधनं टपालानं विकणारा माणूस. १८९७ साली भवानरावांनी त्याची साधनं आणि पुस्तकं मागवली. पुढची दहा वर्षं ते नेमानं तोच व्यायाम करत राहिले.

आज आपण रीलमध्ये एखाद्याचे खांदे बघून डंबेल ऑर्डर करतो, त्यापेक्षा हे फार वेगळं नाही. फरक एवढाच, की भवानरावांनी दहा वर्षं तो टिकवला.

मग १९०८ च्या सुमारास त्यांनी वाट बदलली. मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन सूर्यनमस्कार घालत असत. त्यांच्या सांगण्यावरून भवानरावही नमस्कारांकडे वळले. वय साधारण चाळीस. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, ते औंधच्या गादीवर आले. कारभार, लवाजमा, जेवणावळी, म्हणजे शरीराकडे दुर्लक्ष करायला लागणारी सगळी कारणं एकदम हाताशी आली. तरीही नमस्कार सुटले नाहीत.

सूर्यनमस्कार भवानरावांनी शोधले, असं नाही. देवापुढचे साष्टांग नमस्कार होते, तालमीतले दंड होते, नमस्कार घालणारी घराणीही होती. त्यांनी केलं ते असं, की या सगळ्याला एक ठरीव क्रम दिला. एका नमस्काराच्या दहा स्थिती, प्रत्येक स्थितीत श्वास कसा, मंत्र कोणता, कोणत्या वयानं किती घालायचे. मग पुस्तकं लिहून, व्याख्यानं देऊन, स्वतः करून दाखवून ते त्याचा प्रसार करत राहिले. आज योगाच्या वर्गांत जो सूर्यनमस्कार सहज शिकवला जातो, त्याच्या प्रसारात औंधचा वाटा मोठा आहे. आपल्याला सवयीच्या बारा स्थिती, औंधच्या दहा, एवढा फरक.

त्यांचा युक्तिवाद आजही पटण्यासारखा आहे. नमस्काराला साधन लागत नाही. पैसा लागत नाही. सतरंजीएवढी जागा पुरते. जोडीदार लागत नाही, मैदान लागत नाही, पावसाळ्यात खंड पडत नाही. मुलगा घालू शकतो तसा आजोबाही घालू शकतो, आणि बायकाही घालू शकतात. तालमीची पायरी बायकांना बंद होती तेव्हा हे म्हणणं साधं नव्हतं. राणीसाहेब आणि मुलंही नमस्कार घालत.

या यादीत ‘ताकद’ कुठेच नाही. सगळी कारणं एकाच गोष्टीची आहेत: व्यायाम उद्याही करता यावा. तो का चुकतो याच्या सबबी त्यांनी एकेक करून काढून टाकल्या होत्या. कमावण्याकडून राखण्याकडे वळलेला माणूस असाच विचार करणार. विशीतला विचारतो, किती उचलू? चाळिशीतल्याला विचारायचं असतं, उद्या जमेल ना?

राजाचा हट्ट

मात्र राजा शेवटी राजा. संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे झाले. डोंगराळ, दुष्काळी मुलखातली पोरं, कुणी मैलभर पाणी आणणारं, कुणी गुरांमागं फिरणारं. त्यांच्या अंगाला कष्टांची वानवा नव्हती. त्यांनी शाळेत येऊन पुन्हा नमस्कार घालायचे. रोज शरीर झिजवणाऱ्याला व्यायामाचा उपदेश करणं यात एक विसंगती आहेच. शिवाय भवानराव नमस्कारांना जवळजवळ सगळ्या दुखण्यांवरचा इलाज मानत, आणि ते काही खरं नव्हे.

महाराष्ट्रानं या वेडाची थट्टाही केली. १९३३ साली आचार्य अत्र्यांचं ‘साष्टांग नमस्कार’ हे नाटक आलं. त्यातल्या रावबहादुरांना नमस्कारांनी असं झपाटलंय की जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडे तोच एक उपाय आहे. लोक पोट धरधरून हसले. नव्यानं जिम लावलेला मित्र आपल्याही ग्रुपमध्ये असतोच. रावबहादूर त्याचे पणजोबा.

पण थट्टा झाली म्हणून भवानरावांचा नेम मोडला नाही. १९३८ साली, सत्तरीत, त्यांच्या आयुष्यात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. लंडनच्या डेंट या प्रकाशनसंस्थेनं त्यांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक काढलं. लुईज मॉर्गन या पत्रकार बाईंनी ते संपादित केलं होतं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भवानरावांनी जाहीर केलं की औंधची सत्ता आपण प्रजेच्या हाती देणार. गांधीजींच्या सल्ल्यानं, मॉरिस फ्रीडमन आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्या खटपटीतून, १९३९ च्या सुरुवातीला औंधची राज्यघटना आली. ज्यानं मुलांना हुकमानं नमस्कार घालायला लावले, त्यानंच शेवटी हुकूम करण्याचा हक्क सोडला.

सत्ता सोडली तशी नमस्कारांची सक्तीही कधीतरी इतिहासजमा झाली. उरलं ते ज्यांनी स्वतःहून धरलं त्यांच्याकडे. भवानराव १९५१ मध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी गेले. सँडो १९२५ मध्येच, ५८ व्या वर्षी गेला होता. एवढ्यावरून नमस्कार जिंकले आणि डंबेल हरले असा निकाल काढता येणार नाही. दोन माणसांच्या वयांवरून काहीच सिद्ध होत नाही. त्यासाठी हजारो माणसं मोजावी लागतात.

लंडनची बस

ती मोजणी झाली त्याच लंडनमध्ये, जिथे भवानरावांचं पुस्तक निघालं होतं. दुसरं महायुद्ध संपलं होतं आणि मध्यमवयीन पुरुष हृदयविकारानं जास्त संख्येनं मरताना दिसत होते. कारण नीटसं कळत नव्हतं. जेरी मॉरिस या डॉक्टरला वाटलं, माणसाच्या कामात काहीतरी असावं.

त्यानं निवडली लंडनची दुमजली बस. एकाच बसवर दोन माणसं. वर्ग साधारण तोच, मालक तोच, शहर तेच. ड्रायव्हर पाळीचा बहुतेक वेळ बसून असायचा. कंडक्टर मात्र तिकिटं फाडत दिवसभर वर-खाली करायचा. दिवसाला सुमारे ५०० ते ७५० पायऱ्या. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१ हजार कामगारांची माहिती तपासली गेली आणि १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी होता, झाला तर उशिरा होत होता, आणि कमी घातक ठरत होता. टपाल खात्यातही तसंच दिसलं: पायी किंवा सायकलवरून पत्रं वाटणारे पोस्टमन, टेबलाशी बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते.

मॉरिस स्वतःच्या निष्कर्षावर भाळला नाही. १९५६ मध्ये त्यानं आणि सहकाऱ्यांनी बसवाल्यांच्या गणवेशाच्या पँटींची मापं काढली. ड्रायव्हरांची कंबर जास्त निघाली, पण तरुण ड्रायव्हरांचीही जास्त निघाली. म्हणजे काही फरक नोकरीच्या आधीपासूनचा असू शकत होता. त्यामुळे शोध पुढे चालू राहिला. १९७३ मध्ये त्यानं सरकारी कचेऱ्यांतल्या ४० ते ६४ वयाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास मांडला. सगळेच खुर्चीवर बसणारे. त्यांच्यातही जे सुट्टीच्या वेळेत दमसास लागणारा व्यायाम करत होते, त्यांना हृदयविकार बराच कमी होता.

हा १९७३ चा अभ्यास आपल्याबद्दलचा आहे. कारण आपण कंडक्टर उरलेलो नाही.

मुंबईत दुमजली बस आली १९३७ मध्ये, औंधच्या त्या जाहीरनाम्याच्या आदल्या वर्षी. तिथेही कंडक्टर खांद्याला पैशांची चामडी पिशवी लावून, तिकिटांच्या पेटीवर चिमटा टकटकवत तेच जिने चढत-उतरत होते. त्याला कुणी व्यायाम म्हणालं नाही. ते पोटापाण्याचं काम होतं. जुन्या डिझेल दुमजली गाड्यांपैकी शेवटची १५ सप्टेंबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. आता कामं बसून होतात, तिकीट मोबाइलवर निघतं, भाजी दारात येते. पूर्वी कामातून फुकट मिळणारी हालचाल आता वेगळी काढून ठेवावी लागते, महिन्याच्या पगारातून बचत काढावी तशी.

किती काढायची? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम सांगते, सोबत आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना ताण देणारा. १५० मिनिटं म्हणजे दिवसाला वीस-बावीस. शेकड्यांनी नमस्कार घालणाऱ्या भवानरावांना हा आकडा किरकोळ वाटला असता. पण त्यांचा मूळ मुद्दा त्यात तसाच आहे: थोडं चालेल, साधं चालेल, खंड मात्र नको.

आणि हे फक्त आईबाबांसाठी नाही. चाळिशीचा व्यायाम चाळिशीत सुरू करता येतो. भवानराव नमस्कारांकडे त्याच वयात वळले. पण त्यांच्या गाठीशी आधीची दहा वर्षांची सवय होती, हे विसरायला नको. सँडोची साधनं अडगळीत गेली असतील, पण रोज ठरल्या वेळी उठून अंगाला कामाला लावायचं हे मात्र त्या दहा वर्षांत पक्कं झालं होतं. विशीत कमावलेले दंड पन्नाशीपर्यंत टिकत नाहीत. सवय टिकू शकते.

बाबांना मी यातलं काहीच सांगितलं नाही. व्याख्यानानं कुणी उठत नाही, हे औंधच्या शाळांवरून कळतंच. गेल्या महिन्यापासून संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर चालायला जातो, एवढंच. परत येताना लिफ्ट चालू असली तरी आम्ही जिन्यानं येतो. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर ते थांबले आणि मोबाइल काढला. मीही थांबलो आणि मोबाइल काढला. मी सव्वीस वर्षांचा आहे, जानेवारीत जिमचे वर्षाचे पैसे भरलेत, आणि मलाही दम लागला होता.