महाराष्ट्र राज्यावरील कर्ज

महाराष्ट्र राज्यावरील कर्ज म्हणजे महाराष्ट्र शासनाने खुल्या बाजारातील रोखे, केंद्र सरकार, वित्तीय संस्था व अल्पबचत निधी यांच्याकडून घेतलेल्या आणि अद्याप न फेडलेल्या रकमांची बेरीज. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पीय अंदाजानुसार हे कर्ज सुमारे ९.३२ लाख कोटी रुपये आहे. राज्याच्या स्थूल उत्पन्नाशी त्याचे प्रमाण २० टक्क्यांहून कमी असून अनेक मोठ्या राज्यांच्या तुलनेत ते मर्यादित मानले जाते.

२०११ च्या जनगणनेतील लोकसंख्येने भागल्यास हे कर्ज दरडोई सुमारे ८३ हजार रुपये होते. मात्र हा आकडा जपून वापरावा लागतो. राज्याचे रोखे मुख्यतः बँका, विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधी यांच्याकडे असतात. त्यामुळे पुढच्या पिढीकडे देणे आणि येणे अशी दोन्ही वारशाने जातात. फक्त ती एकाच घरात जात नाहीत.

घटनात्मक चौकट

राज्यघटनेच्या कलम २९३ नुसार राज्य सरकार आपल्या एकत्रित निधीच्या तारणावर देशांतर्गत कर्ज उभारू शकते. त्याची कमाल मर्यादा कायद्याने ठरवण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे. केंद्राचे कर्ज शिल्लक असेल तर नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर १९२५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४९ मध्ये संविधान सभेत केंद्राच्या कर्जाधिकाराविषयी बोलताना, संसद ही बाब गांभीर्याने घेऊन मर्यादा घालणारे कायदे करील अशी अपेक्षा व्यक्त केली होती.

महाराष्ट्रात असा कायदा २००५ चा आहे. बाराव्या वित्त आयोगाने राज्यांची कर्जसवलत राजकोषीय उत्तरदायित्वाच्या कायद्याशी जोडली, त्यानंतर तो आला. महसुली तूट संपवणे, म्हणजेच दैनंदिन खर्चासाठी कर्ज न काढणे, हे त्याचे प्रमुख उद्दिष्ट. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपये दाखवली आहे. उद्दिष्ट हुकल्याचा जाब विधिमंडळात द्यायचा असतो आणि तेथे बहुमत सरकारचेच असते.

अर्थसंकल्पाबाहेरील दायित्व

सहकारी साखर कारखाने व महामंडळे यांच्या कर्जांना शासन थकहमी देते. कर्जदाराने हप्ते थकवल्यास बोजा तिजोरीवर येतो; हमी देताना मात्र खर्च कुठेच दिसत नाही. महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ हे याचे ठळक उदाहरण आहे. बच्छावत लवादाने वाटून दिलेले पाणी मे २००० पूर्वी अडवण्याच्या घाईत हे महामंडळ १९९६ मध्ये स्थापन झाले आणि शासनाच्या हमीवर त्याने रोखे विकले. सिंचनाच्या पाणीपट्टीतून एवढे व्याज निघणे शक्यच नव्हते. रोखे शिवसेना-भाजप युतीच्या काळात निघाले, तर परतफेडीची मोठी जबाबदारी १९९९ नंतरच्या काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीवर आली.

पिढ्यांमधील भार

दीर्घकाळ टिकणाऱ्या कामासाठी कर्ज काढणे सामान्यतः समर्थनीय ठरते, कारण ते फेडणाऱ्यांना लाभही मिळतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरा खोरे या तर्काची मर्यादा दाखवते. राहाता तालुक्यात प्रवरेच्या काठी असलेल्या कोल्हारच्या परिसराला भंडारदरा धरणाच्या (१९२६) पाण्याचा आधार पूर्वीपासून होता. त्याच खोऱ्यातील जिरायती गावांसाठी निळवंडे प्रकल्प १९७० मध्ये मंजूर झाला. त्याच्या ८५ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. तोवर काही कोटींचा मूळ अंदाज सुमारे ५,१७७ कोटी रुपयांवर गेला होता. या वाढीत महागाईचा वाटा मोठा आहे. तरीही मंजुरीच्या वेळी जे शेतकरी कर्ते होते, त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला पाणी आणि वाढलेला खर्च एकदमच आले. विलंबाची जबाबदारी मधल्या पाच दशकांतील कोणत्याही एका सरकारवर टाकता येत नाही.

राज्य दहा वर्षे किंवा त्याहून अधिक मुदतीचेही रोखे काढते, विधानसभेची मुदत मात्र पाच वर्षे असते. २०२४ मध्ये काढलेला दहा वर्षांचा रोखा फेडला जाईल तेव्हाचे नवमतदार तो काढला त्या वर्षी सुमारे आठ वर्षांचे होते.

जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेने हा वाद तीव्र झाला. पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारा हा खर्च महसुली स्वरूपाचा आहे. गरीब घरातील स्त्रीच्या हाती आलेला पैसा मुलांच्या आहार-शिक्षणावर खर्च होतो, म्हणून तोही पुढच्या पिढीतील गुंतवणूक आहे, असे समर्थक म्हणतात. तिजोरीवरील ताणाची टीका विरोधकांनी केली. मात्र नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत महायुतीने २,१०० रुपयांचे, तर महाविकास आघाडीने ३,००० रुपयांचे आश्वासन दिले.