'डरना मना है' : भीती दाखवली, पण कोणाची?

एकाच सिनेमात अनेक छोट्या गोष्टी आणि त्यांना बांधणारी एक मोठी गोष्ट, याला अँथॉलॉजी म्हणतात. रामगोपाल वर्मा यांची निर्मिती आणि प्रवाल रामन यांचं दिग्दर्शन असलेला 'डरना मना है' (२००३) हे त्याचं ओळखीचं हिंदी उदाहरण. रानात गाडी बंद पडलेले मित्र एकमेकांना सहा गोष्टी सांगतात.

गोष्टी सहा, त्यामुळे चेहरेही भरपूर. गृहिणी आहे, शिक्षक आहे, शाळकरी मुलगी आहे. पण घाबरायचं कोणाला, ते बघा. शिल्पा शेट्टी स्वस्तातली सफरचंदं घरी आणते आणि माणसंच सफरचंदं होऊ लागतात. ती विकणारा राजपाल यादव विचित्र दिसतो; त्याची बाजू ऐकायला सिनेमा थांबत नाही. उल्हासनगरच्या बाजारात घासाघीस करून पिशव्या भरायच्या आणि लोकलने अंबरनाथ-बदलापूरला परतायचं, हे करणाऱ्यांना असा विक्रेता रोज भेटतो. पडद्यावर मात्र तोच परका.

अमेरिकेत रस्टी कंडिफ यांनी १९९५ मध्येच 'टेल्स फ्रॉम द हूड'मध्ये ही बाजू उलटवली होती. त्यातल्या चारही गोष्टी कृष्णवर्णीयांच्या जगण्यातल्या. पहिल्या गोष्टीत पोलिसांनी मारलेला कृष्णवर्णीय नेता थडग्यातून उठतो, तो थेट त्याच पोलिसांच्या मागे लागतो.