एक कीटक, दोन नावे

चेन्नईच्या मैलापुरापासून जवळच असलेल्या सैदापेठेत अठराव्या शतकाच्या अखेरीस डॉ. जेम्स अँडरसन यांनी निवडुंगाची बाग लावली. मेक्सिकोतील किरमिजी रंगाचा कीटक तेथे पोसावा आणि त्या रंगावरील स्पेनची मक्तेदारी मोडावी, हा हेतू. पुढे १७९५ साली कॅप्टन नीलसन यांनी ब्राझीलहून कलकत्त्यास असे कीटक आणले. तोच खरा किरमिजी कीटक, अशी समजूत झाली. पण तो रानटी जातीचा निघाला. रंग निकृष्ट मिळाला. मात्र निवडुंगाच्या एका जातीचा त्याने फडशा पाडला.

शास्त्रज्ञ अर्नेस्ट ग्रीन यांनी १८९६ साली श्रीलंकेतील नमुन्यांना 'सीलोनिकस' म्हटले आणि १९०८ साली भारतातील कीटकाला 'इंडिकस'. पुढील अभ्यासकांना दोन्ही एकच आढळले. आधीचे नाव ग्राह्य, या नियमाने 'सीलोनिकस' टिकले. मूळचा अमेरिकेचा कीटक श्रीलंकेच्या नावाने ओळखला जातो, तो असा! नाव ही ओळखीची खूण आहे, जन्माचा दाखला नव्हे.

ही केवळ पंडितांची हौस नाही. निवडुंगाच्या दुसऱ्या जातीने दक्षिणेतील जमिनी व्यापल्या, तेव्हा हा कीटक तिला शिवेना. अखेर १९२६ साली श्रीलंकेहून वेगळा कीटक आणावा लागला, आणि त्याने काम केले. तोही बराच काळ 'टोमेंटोसस' या भलत्याच नावाने वावरला. त्याचे खरे नाव 'ओपन्शिए'. एकाच कीटकाची दोन नावे असली, तर श्रम दुप्पट होतात; दोन कीटकांना एकच नाव पडले, तर शेतकऱ्याच्या हाती चुकीचा कीटक पडतो.