दिव्यांग बालकांची परीक्षा : इतिहास आणि आपलें कर्तव्य

ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं आपल्या धर्मग्रामानें किती शाळा चालविल्या, किती बालकांस संस्कार दिले, ह्याचा हिशेब मांडणें उचितच होय. परंतु जमेची बाजू मांडतांना ज्यांस आपण नकळत दाराबाहेर ठेविलें, त्यांचीही आठवण व्हावी. जें मूल ऐकत नाहीं, पाहत नाहीं अथवा सावकाश शिकतें, त्याची पारख आजवर कोणी, कोणत्या मापानें केली, ह्याचा थोडासा इतिहास वाचकांपुढें ठेवावा, असा मानस आहे.

१८०० सालीं फ्रान्सच्या आवेरों प्रांतांत रानांत सांपडलेला एक मुलगा पॅरिसच्या मूकबधिर विद्यालयांत आणण्यांत आला. तें विद्यालय आबे द लेपे ह्या धर्मगुरूच्या कार्यांतून उभें राहिलें होतें व त्या वेळीं आबे सिकार हे धर्मगुरू तें चालवीत होते. पिनेल ह्या नामांकित वैद्यानें मुलास तपासून तो बुद्धिहीन, सबब उपायापलीकडला, असा निर्णय दिला. इतार ह्या तरुण वैद्यास तो पटला नाहीं. त्यानें सुमारें पांच वर्षें त्यास शिकविलें. मुलगा नीट बोलूं लागला नाहीं, हें खरें. तथापि कांहीं लिहिलेले शब्द ओळखूं लागला. ह्या मुलाची तुलना इतरांशीं न करतां त्याच्याच पूर्वस्थितीशीं करावी, असें इतारचें म्हणणें होतें. पुढें सेगें व मॉंटेसोरी यांनीं त्याच्याच पद्धतीचा विस्तार केला.

१९०५ सालीं बिने व सिमों यांनीं बुद्धिमापनाची पद्धति प्रसिद्ध केली. तिचा हेतु मर्यादित होता : कोणत्या मुलांस विशेष शिक्षण पाहिजे, हें ओळखणें. बुद्धि ही कायमची ठरलेली वस्तु आहे, असें बिनेचें मत नव्हतें. परंतु पुढें अनेक देशांत तें माप मदतीचें न राहतां शिक्क्याचें झालें.

आपल्या प्रांतांत ह्या कार्याचा आरंभ धर्मसभेच्या अंगणांतच झाला. येशूसंघीय महागुरू लिओ म्यूरिन यांनीं १८८५ च्या सुमारास मुंबईंत मूकबधिरांची शाळा काढली. हिंदुस्थानांतील तशी ती पहिली गणली जाते. १९०० सालीं अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनीं तेथेंच अंध मुलांची शाळा उघडली. पुढें धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनीं बिनेच्या मापाची सुधारलेली आवृत्ति मराठी व कानडी मुलांच्या भाषेस जुळवून घेतली. त्यांचा ग्रंथ १९४० सालीं निघाला. मुलाची पारख त्याच्याच भाषेंत झाली पाहिजे, हें त्यांच्या श्रमाचें सार होय.

ह्याचें मर्म मराठवाड्यास निराळें सांगावयास नको. १९४८ पूर्वीं हा मुलूख निजामाच्या राज्यांत असतां वरच्या वर्गांतून आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या कॉलेजांतून मराठी मुलास उर्दूंतून शिकावें लागे. तो उत्तर देतांना अडखळला, म्हणून त्यास विषय समजला नाहीं, असें ठरविणें न्याय्य होतें काय? बहिऱ्या मुलास तोंडीं प्रश्न विचारणें, अंध मुलापुढें छापील कागद ठेवणें, हा तोच अन्याय होय.

ह्या अन्यायांत मीही भागीदार आहे. कांहीं वर्षांपूर्वीं प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या तयारींत एक मुलगा माझ्या प्रश्नांपुढें गप्प उभा राहिला. त्याची तयारी झाली नाहीं, असें म्हणून मीं त्यास एक वर्ष मागें ठेविलें. पुढें एका सिस्टरांच्या ध्यानांत आलें, कीं तो बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून पाहतो. कानांची तपासणी झाली, तेव्हां त्यास फारच थोडें ऐकूं येतें, असें कळलें. दुसऱ्या वर्षीं चित्रें समोर ठेवून विचारतांच त्यानें सर्व उत्तरें बोटानें दाखविलीं. पहिल्या वर्षीं नापास झालों तो मी!

आतां कायदाही ह्याच वाटेनें चालला आहे. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्यांत ते २१ झाले. शाळकरी मुलांची दर ५ वर्षांनीं पाहणी करणें, परीक्षेंत अधिक वेळ व लेखनिक देणें, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेंतून सूट देणें, हें त्यांत सांगितलें आहे. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनीं दर तासामागें किमान २० मिनिटें अधिक वेळ ठरविला. ही दया नव्हे, हा हक्क होय. परंतु हक्क मिळण्यास प्रथम मुलाची अडचण कोणाच्या तरी दृष्टीस पडली पाहिजे. आणि ती आईबापांच्या, शिक्षकांच्या व धर्मगुरूच्या दृष्टीस न पडली, तर कायदा कागदावरच राहतो.

शुभवर्तमानांत प्रभूनें बहिऱ्या मनुष्यास गर्दींतून बाजूस नेलें व खुणांनीं त्याच्याशीं संवाद केला. बेथसैदा येथें अंधास स्पर्श केल्यावर तुला काय दिसतें, असें प्रभूनें त्यास विचारलें. माणसें झाडांसारखीं दिसतात, असें उत्तर आलें. तेव्हां त्यास नापास न करतां प्रभूनें पुन्हां हात ठेविला. पुढची मदत काय द्यावी, हें कळण्यासाठीं विचारणें, हीच खरी परीक्षा.

म्हणून ज्युबिलीच्या वर्षीं आपण एवढा तरी निश्चय करूं या : मूल मागें पडलें, तर त्याच्या बुद्धीविषयीं बोलण्यापूर्वीं त्याचे कान व डोळे तपासून घेऊं, आणि ज्या रीतीनें त्यास उत्तर देतां येईल, त्याच रीतीनें त्यास विचारूं. प्रभु आपणां सर्वांस तशी दृष्टि देवो.